रंगाचे पैसे किती, पत्र्याचे किती?

अब्बांची १९७१ सालची फियाट रंगवायला काढली, तेव्हा तीन ठिकाणांहून तीन भाव आले. पहिला पंचेचाळीस हजारांचा, दुसरा एक लाख साठ हजारांचा आणि तिसरा, काचेचे चकचकीत ऑफिस असलेल्याचा, साडेतीन लाखांचा. गाडी एकच आणि रंगही एकच, मूळचा फिकट हिरवा. धाकटा भाऊ म्हणाला, "पहिला प्रामाणिक दिसतो, बाकीचे लुटारू आहेत." मलाही तेच पटले. गाडी पहिल्याकडे गेली आणि वीस दिवसांत आरशासारखी होऊन परत आली. मोहल्ल्यातली पोरे तिच्यासोबत फोटो काढून घेत होती.

पहिला पावसाळा संपता संपता मागच्या चाकाच्या कमानीवर फुगे आले. दरवाजाखालचा भाग बोटाने दाबला तर आत गेला. आम्ही सगळीकडे सांगत सुटलो की आम्हाला फसवले. शेवटी गाडी घेऊन दुसऱ्या भाववाल्याकडे, साठी ओलांडलेल्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक गाडीवरून फिरवले. ते छताला चिकटले, बॉनेटला चिकटले. कमानीवर मात्र सुटून खाली पडले. तिथे पत्रा उरलाच नव्हता, बोटभर जाडीची पुट्टी होती.

मी तक्रारीचा पाढा सुरू केला. चाचा शांतपणे म्हणाले, "त्याने सांगायला हवे होते, ते सांगितले नाही, ही त्याची चूक. पण पंचेचाळीस हजारांत एवढेच येते. तुम्ही तरी कुठे विचारले?"

हा प्रश्न मला लागला. मग त्यांनी मला हिशेब मांडून दाखवला. सडलेला पत्रा कापून नवा घडवायचा, जोडायचा आणि ठोकून मूळच्या वळणावर आणायचा, हे दोन कारागिरांचे पंचवीस दिवसांचे काम. हजार रुपये हजेरी धरली तर पन्नास हजार. पेंटर आणि त्याचा हेल्पर यांचे वीस दिवस, दोघांचे मिळून रोज सोळाशे, म्हणजे बत्तीस हजार. पत्रा, गॅस, प्रायमर, रंग, हार्डनर आणि घासायचा कागद मिळून पंचेचाळीस हजार. झाले एक लाख सत्तावीस हजार. उरलेल्या तेहतीस हजारांत जागेचे भाडे, वीजबिल आणि उस्तादाची स्वतःची कमाई.

आता पंचेचाळीस हजारांचा भाव पाहा. हलक्यात हलका माल वीस हजारांचा धरला तरी मजुरीला पंचवीस हजार उरतात, म्हणजे पंचवीस हजेऱ्या. नव्वद हजेऱ्यांचे काम पंचवीस हजेऱ्यांत बसवायचे तर कारागिरापुढे एकच वाट उरते: सडका पत्रा कापायचा नाही, वरून पुट्टी थापायची.

हे आकडे आमच्या एका गाडीचे आहेत. तुमच्या गाडीला आणि गावाला ते लागू होतीलच असे नाही. पण पद्धत सगळीकडे लागू होते. जुन्या गाडीच्या कामाचा भाव रास्त आहे की नाही, हे रकमेवरून कळत नाही. त्या रकमेत किती माणसांचे किती दिवस आहेत, हे विचारल्यावर कळते. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून आपण रंगाचा भाव करतो. पैसे मात्र खर्च होतात ते रंगाखाली.

फियाटच्या बाबतीत तर हे जास्तच खरे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी पुढे पद्मिनी म्हणून घराघरांत पोहोचली. तिला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. दरवाजाखालची पट्टी किंवा पायाखालचा पत्रा सडला तर प्रश्न शोभेचा राहत नाही, बसणाऱ्याच्या जिवाचा होतो. तिथे पुट्टी भरणे म्हणजे मोडलेल्या हाडावर मलमपट्टी करणे.

मग साडेतीन लाखवाला बरोबर होता का? तसेही नाही. दिवसांचा हिशेब विचारला तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. "अँटिक पीस आहे साहेब, जपायला हवा," एवढेच तो म्हणत राहिला. तो आमच्या अब्बांवरच्या मायेला भाव लावत होता. पहिल्याने आमच्या अज्ञानावर कमावले, तिसरा आमच्या भावनेवर कमावणार होता. दोघांनीही कामाचा हिशेब दिला नाही.

म्हणून माझे मत असे आहे. जुना रंग खरवडून पत्रा उघडा होईपर्यंत कोणीही दिलेला ठोक भाव हा अंदाजच असतो. खरवडण्याचे पैसे वेगळे द्यावेत, उघड्या पत्र्याचे फोटो काढावेत आणि मग भाव ठरवावा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: पत्रा झाला की काही, प्रायमर झाला की काही, शेवटचा हप्ता गाडी उन्हात उभी करून पाहिल्यावर. काचा आणि रबरे काढून रंगवणार की कागद चिकटवून, हे आधीच विचारावे. आत नवी सड निघाली तर तिचा खर्च कसा धरायचा, हेही लिहून ठेवावे. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी रागावत नाही. आमचे चाचा तर खूश झाले. "गिऱ्हाईक बघायला येते तेव्हा हातही नीट चालतो," असे त्यांचे म्हणणे.

आणखी एक खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. स्प्रे करताना ते श्वासात गेले तर पेंटरला कायमचा दमा जडू शकतो. चांगला मास्क आणि हवा खेळती ठेवण्याची सोय यांना पैसे लागतात. आपण घासाघीस करून पाच हजार तोडतो तेव्हा ते उस्तादाच्या नफ्यातून क्वचितच जातात. ते हेल्परच्या तोंडाला बांधलेल्या रुमालातून जातात.

कोणी म्हणेल, जुनी गाडी असणारा प्रत्येकजण श्रीमंत नसतो. खरे आहे, आम्हीही नाही. पैसे कमी असतील तर काम कमी करावे, कामाचा दर्जा कमी करू नये. मेटॅलिकचा हट्ट सोडावा, साधा एकरंगी रंग घ्यावा, क्रोमची चमक पुढच्या वर्षी करावी. पत्र्यात मात्र काटछाट नको.

२०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निघून गेली. तिची कमान नुसत्या हातोडीने वळवणारे हातही आता म्हातारे होत आहेत. आमच्या चाचांची मुले या धंद्यात आलेली नाहीत. मी कारण विचारले तर म्हणाले, "लोक चमक बघून पैसे देतात. मुलगा चमकच शिकेल, पत्रा कशाला शिकेल?"

पुट्टी काढण्याचे काम वाढल्याने आम्ही त्यांना अखेर एक लाख ऐंशी हजार दिले. आधीचे पंचेचाळीस हजार गेले ते गेलेच. तिसऱ्या पावसाळ्यानंतर परवा मी लोहचुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली. ते सगळीकडे चिकटले.