माया अवशेषांकडे नेणाऱ्या दोन बस

१/
कान्कूनच्या हॉटेलांपुढे रोज सकाळी वातानुकूलित बसगाड्यांची रांग लागते. चिचेन इत्झा, एखाद्या सेनोतेत पोहणे, बुफेचे जेवण, वायादोलिद शहरात अर्धा तास आणि संध्याकाळी परत, असा तो ठरलेला दिवस. त्याच शहराच्या बसस्थानकावरून दुय्यम दर्जाची एक बसही त्याच अवशेषांकडे निघते आणि गावोगावी थांबत जाते. कोणती निवडावी, हा प्रश्न सहसा पैशांचा आणि सोयीचा मानला जातो. वस्तुतः तो इतिहासाचाही आहे. #इतिहास #धागा

२/
सहलीच्या बसमध्ये ऐकू येणारी कथा बहुधा एका वाक्यावर उभी असते: माया लोक एकाएकी नाहीसे झाले. इसवी सनाच्या नवव्या शतकात दक्षिणेकडील तिकाल, पालेंके, कोपान यांसारखी नगरे ओस पडली, हे खरे. परंतु त्याच काळात उत्तरेस चिचेन इत्झा भरभराटीला येत होते. नगरे ओस पडणे आणि लोक नाहीसे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजही सुमारे ३० माया भाषा जिवंत असून त्या बोलणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या वर आहे.

३/
यांपैकी युकातेक माया बोलणारे साडेसात लाखांहून अधिक लोक युकातान द्वीपकल्पात आणि आसपास राहतात. सहलीची बस टोल भरून नव्या महामार्गाने धावते. त्या मार्गावर दोन्ही बाजूंना झाडीशिवाय काही दिसत नाही. जुना रस्ता मात्र गावांच्या पोटातून जातो. दुय्यम बसमध्ये शेजारच्या आसनावर भरतकाम केलेला पांढरा उइपिल घातलेली आजी असते आणि ती नातवाशी बोलते ती भाषा स्पॅनिश असेलच असे नाही.

४/
त्या भाषेत क्षेमकुशल विचारताना ‘बिश अ बेएल’ म्हणतात. शब्दशः अर्थ: तुझी वाट कशी आहे? यातील वाटेचा शब्द अवशेषांतही भेटतो. प्राचीन माया नगरांना जोडणाऱ्या, चुनखडीने बांधलेल्या उंच रस्त्यांना ‘साकबे’, म्हणजे पांढरी वाट, असे नाव आहे. कोबा ते याशुना ही साकबे सुमारे १०० किलोमीटर लांबीची आहे. ‘सेनोते’ हा स्पॅनिशमधील शब्दसुद्धा मायातील ‘त्सोनोत’वरून आलेला. जी भाषा मृत मानून पर्यटक फोटो काढतो, तीच त्याच्या मागच्या बाकावर बोलली जात असते.

५/
हा गैरसमज नवा नाही. १८३९ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅदरवुड हे मध्य अमेरिकेत उतरले, तेव्हा अनेक विद्वानांना वाटे की ही नगरे इजिप्त किंवा अन्य कोणत्या दूरदेशीच्या लोकांनी वसवली असावीत. १८४१ च्या आपल्या ग्रंथात स्टीफन्सने स्पष्ट सांगितले की हे बांधकाम याच भूमीवरील लोकांच्या पूर्वजांचे आहे. (याच स्टीफन्सने कोपानचे अवशेष ५० डॉलरला विकत घेतल्याचे स्वतः नोंदवून ठेवले आहे. दृष्टी स्वच्छ असली तरी हात स्वच्छ असतातच असे नाही.)

६/
मालकीचा हा प्रश्न चिचेन इत्झात अधिक ठळक होतो. अमेरिकी वकिलातीतील एडवर्ड थॉम्पसन याने १८९४ मध्ये अवशेषांसह तेथील हासियेंदा विकत घेतली. १९०४ पासून त्याने पवित्र सेनोतेचा गाळ उपसून सोने, जेड आणि मानवी अस्थी बाहेर काढल्या. त्यांतील पुष्कळ वस्तू हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात पोहोचल्या. १९२६ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने जागा ताब्यात घेतली. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसनच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. वारसांनी ती युकातानमधील पर्यटन व्यवसायाच्या एका आद्य प्रवर्तकाला विकली.

७/
म्हणजे वास्तू राष्ट्राच्या आणि खालची जमीन एका खाजगी घराण्याची, अशी विचित्र स्थिती कित्येक दशके टिकली. २०१० मध्ये युकातान राज्याने ही जमीन २२ कोटी पेसो देऊन घेतली. ज्या गावांच्या पूर्वजांनी हे नगर उभारले, त्यांचे नाव या व्यवहारांत कुठेही विक्रेता वा खरेदीदार म्हणून येत नाही. पिस्ते आणि आसपासच्या गावांतील लोक आज अवशेषांच्या आवारात लाकडी मुखवटे आणि कापड विकतात, आणि त्यांना तेथे बसू द्यावे की नाही यावर वाद चालू असतो. सहलीच्या मार्गदर्शकाने त्यांच्याकडून काही घेऊ नका, असे बजावले तर ही पार्श्वभूमी ध्यानात असावी.

८/
स्थानिक बसचा पक्ष मात्र आंधळेपणाने घेता येत नाही. एकट्याने पोहोचलेल्या प्रवाशापुढे दगड मुका राहतो. कुकुलकानच्या पिरॅमिडच्या चारही बाजूंना ९१ पायऱ्या आणि माथ्यावरचा एक चौथरा मिळून ३६५ होतात. विषुवदिनाच्या सुमारास मावळतीच्या उन्हात उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर सर्पाकार छाया उतरते. हे कुणी दाखवल्याशिवाय नवख्याच्या लक्षात येणे कठीण. फलकांवर चार ओळी असतात, आणि उन्हात त्याही वाचवत नाहीत.

९/
पण दाखवणारा कोण, यावर सारे अवलंबून आहे. टाळी वाजवून केत्साल पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी ऐकवणे आणि चेंडूच्या क्रीडांगणावर ‘विजेत्याचेच शिर उडवीत’ असे ठामपणे सांगणे, हे बहुतेक मार्गदर्शकांचे हमखास प्रयोग. प्रतिध्वनी खरा आहे. विजेत्याच्या शिरच्छेदाला मात्र भक्कम आधार नाही. भिंतीवरील शिल्पात शिरच्छेद दिसतो, जिंकले कोण हे त्यात लिहिलेले नाही. २१ डिसेंबर २०१२ ला माया पंचांगानुसार जग बुडणार, ही आवईसुद्धा अशाच चमत्कृतीच्या हौसेवर पोसली गेली. त्या दिवशी १३ वा बाकतून पूर्ण झाला, इतकेच.

१०/
माया लिपी वाचता येऊ लागली ती फार अलीकडे. १५६२ मध्ये मानी गावी दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया पोथ्या जाळल्या. पुढे त्याच लांदाने नोंदवलेल्या अक्षरांच्या आधारे १९५२ मध्ये युरी क्नोरोझोवने लिपी उलगडण्याची दिशा दाखवली. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफने सिद्ध केले की शिलास्तंभांवर राजांचे जन्म, राज्यारोहण आणि युद्धे कोरलेली आहेत. इतका ऐवज हाती असताना प्रवाशाला केवळ नरबळीच्या कथा ऐकवणे हा दारिद्र्याचा प्रकार आहे.

११/
तेव्हा अधिक शहाणपणाचा मार्ग असा: वायादोलिदला मुक्काम करावा, सकाळी कोलेक्तिवो पकडावी (माणसे भरली की निघणारी सामायिक व्हॅन, वडाप म्हटले तरी चालेल), आठ वाजता दार उघडताना हजर राहावे, आणि परवानाधारक मार्गदर्शक दारापाशीच ठरवावा. तो बहुधा जवळच्या गावचा असतो, त्याला प्रश्न विचारता येतात, आणि मानधन थेट त्याच्या हाती पडते. कान्कूनहून निघणाऱ्यांनी घड्याळाकडे पाहावे: किंताना रो राज्याचे घड्याळ युकातानपेक्षा एक तास पुढे असते. जाताना तास मिळतो, येताना तोच शेवटच्या बसला चुकवू शकतो.

१२/
सर्वत्र हे जमणार नाही. कालाकमुल महामार्गापासून सुमारे ६० किलोमीटर आत अरण्यात आहे आणि तेथे नियमित बस जात नाही. याश्चिलानला उसुमासिंता नदीतून होडीनेच जावे लागते. अशा ठिकाणी सहलीची गाडी घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तिकाल हे या दोहोंच्या मधले.

१३/
तिकालला जाणारे प्रवासी ग्वातेमालातील फ्लोरेस या सरोवरातल्या छोट्या बेटावर उतरतात आणि सूर्योदय गाठण्यासाठी पहाटे अंधारात व्हॅनमध्ये बसतात. हेच बेट म्हणजे नोहपेतेन, इत्झा मायांची राजधानी. कोर्तेस मेक्सिकोत उतरल्यानंतर तब्बल पावणेदोनशे वर्षे ती स्वतंत्र राहिली. १३ मार्च १६९७ रोजी स्पॅनिश सैन्याने ती जिंकली आणि तिच्या मंदिरांचा विध्वंस केला. पहाटेच्या व्हॅनला उशीर झाला, तर बेटाला एक फेरी मारायला पाऊण तास पुरतो.