परेडला सर कुठे होते?

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने इथे काही लिहिले नव्हते. आज लिहितोय ते थोडे रागाने लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात धाकट्या पुतण्याचा फोन आला. तोही माझ्यासारखाच माध्यमिक शाळेत मास्तर. म्हणाला, "काका, आमचे एनसीसीचे सर निवृत्त होताहेत. मुख्याध्यापक म्हणतात, आता तू घे. घेऊ का?" एकोणीस वर्षे खाकी घातलेला त्याचा काका. त्याला वाटले असणार, मी फोनवरच सॅल्यूट ठोकीन. मी म्हणालो, "इतक्यात हो म्हणू नकोस." पलीकडे शांतता. मग हळूच, "काका, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत उत्तम आहे.

बाहेरच्या लोकांना वाटते, शाळेतली एनसीसी सैन्य चालवते. सैन्याची माणसे बटालियनच्या कचेरीत असतात. परेडच्या दिवशी एखादे हवालदार साहेब ड्रिल शिकवायला येतात आणि दुपारच्या आत पुढच्या शाळेला जातात. बाकीचे सगळे एका शिक्षकावर. मुले निवडायची, हजेरी ठेवायची, बूट-बेल्ट-बेरे वाटायचे आणि वर्षअखेरीस मोजून परत घ्यायचे, पालकांची संमतीपत्रे गोळा करायची, उपाहाराची बिले, 'ए' सर्टिफिकेटच्या परीक्षेची तयारी, दहा दिवसांचे शिबिर. फायरिंग झाले की रिकामी काडतुसेसुद्धा मोजून द्यावी लागतात. एकदा एक कमी भरले तर आम्ही अंधार पडेपर्यंत गवत चाळत होतो. (सापडले ते माझ्याच बुटाखाली, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.) हा शिक्षक कामठीला प्रशिक्षण घेऊन थर्ड ऑफिसर होऊन येतो, शिक्षिका असेल तर ग्वाल्हेरला जाते. खांद्यावर पट्टी येते, थोडेसे मानधन येते. शाळेतले तास मात्र जितके होते तितकेच राहतात. आमच्या वेळापत्रकात चित्रकलेला रकाना होता, शिवणाला होता. एनसीसीला नव्हता.

आता जे लिहितो ते घरच्यांनाही कधी सांगितलेले नाही. १९८८ सालचा पावसाळा. शनिवारची परेड चालू होती आणि शाळेतल्या एक बाई रजेवर होत्या. मुख्याध्यापकांनी शिपायाकडून निरोप धाडला की दहावीचा तास घ्या. मी म्हणालो, मैदानावर मुले आहेत. ते म्हणाले, "तुमची पोरं शिस्तीची आहेत हो, सार्जंट बघेल." सार्जंट म्हणजे कोण, तर नववीतला पोरगा. मी गेलो. समासाचे प्रकार शिकवून पस्तीस-चाळीस मिनिटांनी परत आलो तर आठवीतला एक मुलगा खडीवर गुडघे टेकून, लाकडी रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून बसलेला. कदमताल चुकला म्हणून. गुडघे फुटले होते. रडत नव्हता. बाकीची पोरे सावधानमध्ये उभी राहून बघत होती.

सार्जंटला विचारले तर म्हणाला, "सर, तुम्ही नव्हतात. सांभाळायला सांगितलंत म्हणून सांभाळलं."

त्याच्या फिती मी तिथल्या तिथे काढून घेतल्या. पुढच्या शनिवारी त्या आठवीतल्या मुलाने बूट आणि बेल्ट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवले. बुटांना पॉलिश केलेले होते. तो परत आला नाही. मुख्याध्यापकांच्या आणि माझ्या फिती कोणी काढल्या नाहीत.

म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजची ती चित्रफीत टीव्हीवर दाखवली तेव्हा मी बंद कर म्हणालो. भर पावसात, साचलेल्या पाण्यात ज्युनियर कॅडेट ओणवे झालेले आणि सीनियर कॅडेट त्यांना काठीने मारतोय. सगळा महाराष्ट्र त्या सीनियरवर तुटून पडला. पडायलाच हवे होते. शिक्षक तिथे नसताना हे घडले, असेही बातमीत आले. त्या एका ओळीवर कोणी थांबले नाही. का नव्हते? त्यांच्याबद्दल मला माहीत नाही, मी बोलणारही नाही. माझ्याबद्दल माहीत आहे. मी समास शिकवत होतो.

आणि आता काय चालले आहे? कॅडेटांची संख्या सतरा लाखांवरून वीस लाखांवर न्यायची आहे. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी तर पहिलीपासून लष्करी प्रशिक्षणाची घोषणा केली. माजी सैनिक येतील, जोडीला खेळाचे शिक्षक, एनसीसी, स्काउट-गाइड. माजी सैनिकांबद्दल मला आदर आहे, ड्रिल ते माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगले शिकवतील. पण कोणत्या मुलाच्या घरी काल भांडण झाले, कोण उपाशी पोटी आलाय, हे वर्गावरच्या शिक्षकाला कळते. तो मैदानावर असला पाहिजे, आणि त्याच्यापाशी वेळ असला पाहिजे.

संख्या वाढवण्याचा खेळ मी एकदा पाहिलेला आहे. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. मी १९६७ ला कॉलेजात गेलो तेव्हा सक्ती होतीच. आमची निम्मी परेड हजेरी घेण्यात जायची, उरलेली ऊन चुकवण्यात. १९६८ मध्ये सक्ती उठली.

माझे जुने सहकारी हे वाचून म्हणतील, "आपण नाही का केले? सेवा म्हणून केले." केले ना. मलाही अभिमान आहे, माझे दोन कॅडेट सैन्यात गेले आणि अजून दिवाळीला फोन करतात. पण 'सेवा' हा शब्द मला आमच्या वरिष्ठांच्याच तोंडी जास्त ऐकू आला. बदली रजा मागितली की सेवा. कागदपत्रांना कारकुनाची मदत मागितली की सेवा. आणि सेवेची किंमत त्या आठवीतल्या मुलाने भरली, त्याला तर कोणी विचारलेही नव्हते.

तेव्हा पुतण्याला मी चार गोष्टी लिहून मागायला सांगितल्या आहेत. परेडच्या दिवशी बदली तास नाही. आठवड्याच्या तासांतून परेडचे तास वजा. मैदानावर जोडीला दुसरा एक शिक्षक, म्हणजे एकाला जावे लागले तरी दुसरा असेल. सुट्टीत शिबिर झाले तर तितके दिवस रजा. एवढे मिळाले तर डोळे मिटून हो म्हण, माझा जुना बेल्ट तुला देतो.

काल रात्री त्याचा परत फोन आला. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी घ्या तर खरं, मग बघू."

मी त्याला विचारले, "लिहून दिलं का?"

"नाही."

बेल्ट अजून माझ्याच कपाटात आहे.