वजन किती, आणि कशाचे? एका मोजमापाचा इतिहास

१/
सन १९४२. अमेरिका महायुद्धात उतरली होती. नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेंके यांनी अमेरिकन फुटबॉलच्या २५ व्यावसायिक खेळाडूंची तपासणी केली. उंची-वजनाच्या प्रचलित तक्त्यानुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनी, म्हणजे लष्करी सेवेस अपात्र ठरत होते.

२/
बेंके यांनी त्यांचे वजन पाण्याखाली केले. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू जड. शरीराची घनता कळली की चरबीचा अंदाज बांधता येतो. त्या ‘अपात्रां’पैकी बहुतेकांच्या अंगी चरबी अल्पच निघाली. वजन होते ते स्नायूंचे.

३/
तक्ता वजन किती ते सांगत होता. कशाचे, ते त्याला ठाऊक नव्हते. आजच्या तरुणांच्या आरोग्याचा निवाडाही बहुधा अशाच अर्धवट उत्तरावर होतो.

४/
या तक्त्यांच्या जागी पुढे जे सूत्र आले, ते बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांचे. प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्यांनी १८३० च्या दशकात मांडले. त्यांना शोध होता ‘सरासरी मानवा’चा, स्थूलतेचे निदान हा त्यांचा विषयच नव्हता. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज व सहकाऱ्यांनी या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय) हे नाव दिले. समूहांच्या अभ्यासाचे हे साधन कालांतराने दवाखान्यात एकेका माणसाचा न्याय करू लागले.

५/
बेंके यांच्या नेमके उलट उदाहरण पुण्याचे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

६/
हा केवळ व्यक्तिगत योगायोग नव्हता. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली असता, येथील बाळे वजनाने बरीच हलकी आढळली. उणीव मुख्यतः स्नायूंत होती. चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारी, तरीही मेदयुक्त अशी ही देहरचना जन्मापासूनच सोबत येते.

७/
स्नायूंच्या ऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये रूढ केले. ग्रीक व्युत्पत्तीनुसार अर्थ, ‘मांसाचे दारिद्र्य’. विचार होता वृद्धांचा. परंतु जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. स्नायू थोडे आणि चरबी अधिक, ही जोडी विशीतही घातकच. शिवाय म्हातारपणी खर्ची पडणारे स्नायूंचे भांडवल तारुण्यातच साठवायचे असते.

८/
२०२२ मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी अशा ‘स्नायुक्षयी स्थूलते’च्या निदानाचा क्रम ठरवला: प्रथम बीएमआय किंवा कंबरेचा घेर, मग हाताच्या पकडीची किंवा खुर्चीतून उठण्याची चाचणी, आणि शेवटी डेक्सा किंवा विद्युतरोधावर आधारित यंत्राने देहरचनेचे मापन. भारतात यातील ‘कंबरेचा घेर’ हे शब्द निर्णायक ठरतात. पहिल्या पायरीवर केवळ बीएमआय पाहिला, तर बारीक दिसणारा तरुण तिथूनच परत पाठवला जाईल.

९/
यावर आक्षेप येईल खर्चाचा. पण पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची कंबरेची मर्यादा पाहण्यास शिंप्याची टेपही पुरते. पकड मोजण्याचे उपकरणही महाविद्यालयाच्या आरोग्य तपासणीस न परवडणारे नाही. डेक्सा राखून ठेवावी ती संशयितांसाठी.

१०/
सावधगिरी मात्र हवी. व्यायामशाळेतील यंत्र चरबी प्रत्यक्ष मोजत नाही. सौम्य विद्युतप्रवाहाला होणारा रोध मोजून सूत्राने अंदाज करते, आणि ते सूत्र ज्या लोकांवर बेतले असेल त्यांनाच नीट लागू पडते. त्या एका आकड्यावर विसंबणे म्हणजे केटले यांच्या सूत्राबाबत झालेली चूक नव्या यंत्रावर पुन्हा करणे.

११/
१९४२ च्या तक्त्याने धडधाकट खेळाडूंना अपात्र ठरवले. आजचा तक्ता स्नायूंनी दरिद्री तरुणाला ‘सर्व ठीक’ म्हणून घरी पाठवतो. दुसरी चूक अधिक गंभीर. कारण तिच्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही.