पंधराव्या वर्षीचा क्षय, अठराव्या वर्षाची अट

बेडाक्विलिन या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१२ मध्ये प्रौढांसाठी मान्यता दिली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर सुमारे चाळीस वर्षांनी आलेले हे नवे औषध. तेच बारा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी मंजूर व्हायला ऑगस्ट २०१९ उजाडला. मधल्या काळात या वयाच्या कितीतरी मुलामुलींना कॅनामायसिनसारखी इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागली. या इंजेक्शनांमुळे ऐकू येईनासे झाले, तर ते बहुधा कायमचेच. याउलट एचआयव्हीवरील डोल्युटेग्राविर ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर झाले, तेव्हा प्रौढांबरोबरच बारा वर्षांवरील मुलांनाही ते पहिल्या दिवसापासून खुले होते. तेव्हा अडचण विज्ञानाची नव्हती, सवयीची होती. औषधचाचणीच्या अर्जात ‘वय १८ पूर्ण’ हे वाक्य अनेकदा आधीच्या अर्जातून उतरवलेले असते.

वयात आल्यानंतरचा क्षय ‘लहान मुलांचा क्षय’ राहत नाही. लहान बाळाच्या शरीरात क्षयाचे जंतू थोडे असतात. बहुतेकदा छातीतल्या गाठी सुजतात आणि ते मूल इतरांना सहसा बाधा करत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी मात्र फुप्फुसात पोकळ्या पडतात, थुंकीत जंतू सापडतात आणि शेजारच्या बाकावरचा मित्र धोक्यात येतो. औषध पचवण्याचेही तसेच. चिमुकल्यांचे शरीर काही औषधे झपाट्याने बाहेर टाकते, म्हणून त्यांना वजनाच्या मानाने मात्रा जास्त लागते आणि त्यांचा वेगळा अभ्यास करावाच लागतो. पंचेचाळीस किलोच्या मुलाचे यकृत बहुतांशी प्रौढासारखेच काम करते. अठरा हे मतदानाचे वय; यकृताला त्याची खबर नसते.

समावेश केला की काय होते, तेही दिसले आहे. रिफापेन्टिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेल्या चार महिन्यांच्या उपचाराची मोठी चाचणी १३ देशांत झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तिच्यात बारा वर्षांपासून प्रवेश होता. किशोरवयीन मोजकेच होते, तरी जागतिक आरोग्य संघटनेने ही शिफारस बारा वर्षांपासून पुढे लागू केली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरील ‘बीपाल्म’ या सहा महिन्यांच्या उपचाराचे तसे झाले नाही. त्यामागच्या चाचण्यांची वयोमर्यादा चौदा-पंधरा होती, म्हणून संघटनेची २०२२ ची शिफारसही चौदाच्या पुढची. त्यातल्या प्रिटोमॅनिडचा उंदरांच्या वृषणांवर दुष्परिणाम दिसल्याने सावधगिरी होती; ती रास्तच होती. पण अशा शंकेचे निरसन देखरेखीखालीच होऊ शकते.

सगळे आक्षेप पोकळ नाहीत. भारतात पालकांच्या लेखी संमतीबरोबर मुलाचीही स्वतंत्र अनुमती घ्यावी लागते. पालक म्हणतील तिथे मुलाने मान डोलावली, तर ती अनुमती नव्हे, म्हणून त्याच्याशी एकट्यानेही बोलायला हवे. खरा पेच मुलींचा आहे. चाचणीत गर्भधारणा तपासणी होते. सोळा वर्षांच्या मुलीचा निकाल सकारात्मक आला, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक ठरते. हे तिला आणि तिच्या आईला आधीच, साध्या मराठीत सांगायला हवे आणि पुढे कोण काय करणार, हेही नैतिकता समितीने चाचणीपूर्वी ठरवायला हवे. या पेचामुळे सगळ्याच मुलींना वगळणे मात्र सोयीचे तेवढे आहे. नंतर तीच गोळी त्यांना वॉर्डात मिळते, फक्त तिथे कुणी नोंद ठेवत नाही.

नैतिकता समित्यांनी आता प्रश्न उलटा विचारावा. सुरक्षिततेची प्राथमिक माहिती हाती आल्यावर प्रौढांची मोठी चाचणी करणाऱ्याने बारा वर्षांवरील मुले का घेतली नाहीत, याचे कारण लिहून द्यावे. आणि घेतली, तर रक्ततपासणीच्या तारखा शाळेचे वेळापत्रक पाहून ठरवाव्यात. दहावीच्या मुलाला दर पंधरवड्याला सकाळची ओपीडी गाठायला लावली, तर तो दुसऱ्या महिन्यात येणे बंद करील.