दहा दिवसांत गोळी सोडू नका

"दहा दिवस गोळ्या खाल्ल्या, काही फरक पडला नाही, म्हणून बंद केल्या." डिप्रेशनचा विषय निघाला की वस्तीत हे वाक्य आम्हाला हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. तापाची गोळी तासाभरात काम करते, मग मनाची गोळी एवढी रेंगाळते का, हा प्रश्न रास्तच आहे.

गोळी रेंगाळत नाही. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात, त्यातले सेरोटोनिन हे रसायन गोळी काही तासांतच वाढवते. पण त्या वाढीशी पेशींनी जुळवून घेणे, त्यांच्यातील जोडण्या बदलणे, याला वेळ लागतो. म्हणून फरक दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता गुण यायला कधी त्याहून जास्त. मळमळ, बेचैनी मात्र आधी येते. नेमकी तिथेच माणसे गोळी सोडतात. पंचवीस वर्षांच्या आतील मुलामुलींवर तर सुरुवातीला घरच्यांनी लक्ष ठेवलेच पाहिजे. क्वचित मरणाचे विचार वाढतात. तसे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता दुसरी, चक्रावणारी गोष्ट. १९७१ साली जर्मनीतील फ्लुग आणि टोले या डॉक्टरांनी नोंदवले, की रात्रभर जागे ठेवलेल्या काही रुग्णांची उदासी सकाळी उतरलेली असते. पुढे अनेक ठिकाणी हे तपासले गेले. सुमारे निम्म्या रुग्णांत असे घडते. जी गोष्ट गोळीला आठवडे लागतात, ती एका रात्रीत! पण एकदा झोप झाली की बहुतेकांची उदासी परत येते. शिवाय कुणाला उन्मादाचा झटका येतो, कुणाला फिट. म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही.

आणि आपल्या वस्तीतली जागरणे हा काही उपचार नव्हे. रात्रपाळी, डास, पहाटे तीनला येणारे पाणी, यांनी रोजची झोप तुटते. अशी झोप महिनोन्‌महिने तुटत राहिली तर उदासी वाढते. कुणी 'बाहेरचे' म्हणून उतारा सुचवील; आमच्या मते आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी काढावी. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात. चालू गोळी बंद करायची असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा; एकदम सोडली तर चक्कर येते, झोप उडते.