शब्दविचार : ‘विकत घेतलेले’ नाव

इंटरनेटवरील पत्त्यास ‘डोमेन’ म्हणतात. ते ‘विकत घेतले’ असे सर्रास बोलले जाते. परंतु हे क्रियापद आम्हांस फसवे वाटते. डॉट-कॉमचे नाव एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी नोंदविता येते. घेणारा मालक नव्हे, मुदतीचा धारक, तोच ‘रजिस्ट्रंट’. नोंद करून देणारा अडत्या तो ‘रजिस्ट्रार’, आणि मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था ती ‘रजिस्ट्री’.

मुदत टळून नाव रद्द झाले, की ‘रिडेम्प्शन’चे 30 दिवस उरतात. गहाण दागिना सोडवावा तसे जादा शुल्क भरून ते सोडवावे लागते. तेही हुकले, तर आणखी 5 दिवसांनी नाव कोणासही मोकळे होते.

दुसऱ्या धारकाकडून नाव घेताना रक्कम ‘एस्क्रो’त, म्हणजे विश्वासू तिऱ्हाइताच्या हाती ठेवावी, नाव हाती आल्यावरच ती विक्रेत्यास मिळते.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मंडळांनी व वाचनालयांनी एवढे अवश्य पाहावे : नोंद संस्थेच्याच नावे असावी, कार्यवाहांच्या खाजगी नावे नको. कार्यवाह बदलतात, अधिकार मात्र नोंदीतल्या नावाचाच चालतो.