साड्या बोहारणीला देण्याआधी

चिंचपोकळीत सध्या बऱ्याच घरांत जुन्या ट्रंका उघडल्या जातायत. कुणाची चाळ पुनर्विकासाला गेली, कुणी डोंबिवली-बदलापूरकडे मोठी जागा घेतली. ट्रंकेतून आईच्या, सासूच्या, आजीच्या सुती साड्या निघतात. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मग एखाद्या दुपारी बोहारीण येते, स्टीलचं पातेलं देते आणि गाठोडं घेऊन जाते.

बोहारणीशी माझं भांडण नाही. तिचंही पोट त्यावर आहे. माझं सांगणं एवढंच, गाठोडं बांधण्याआधी चार साड्या बाजूला काढा. त्यांची एक गोधडी शिवा. आणि शिवताना थोडं खेळा.

गोधडी आपल्याला नवी नाही. साताऱ्या-कोल्हापुराकडून, कोकणातून माणसं इथे गिरणीत आली तेव्हा वळकटीत गोधडी, वाकळ घेऊनच आली. एका खोलीत दहा-बारा जण राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली. पण आजही जुन्या चाळींत गॅलरीच्या कठड्यावर गोधड्या वाळताना दिसतातच.

तेव्हा गोधडी शिवली ती गरज म्हणून. आज ब्लँकेट दुकानात मिळतं. म्हणून आज शिवायची तर मन लावून, आवडीने शिवा. कशी, ते क्रमाने सांगते.

आधी घरच्यांना विचारा

कात्री हातात घेण्याआधी फोन हातात घ्या. आईची साडी कापायची असेल तर बहिणीला विचारा, वहिनीला विचारा. तुम्हाला जुनी वाटणारी साडी कुणाच्या तरी लग्नातली असते. कापल्यावर कळलं तर दिवाळी कडू जाते.

तिघी बहिणी असाल तर एकाच साडीचे तीन वाटे करा. तिघींच्या तीन गोधड्यांत ती साडी येऊ द्या. भांडण मिटतं आणि साडी तीन घरांत राहते.

पैठणी कापू नका. जरीची कुठलीच साडी गोधडीला नको. जर टोचते, आणि धुतली की काळी पडते.

कापड पारखून घ्या

सुती साडीच घ्या. नायलॉन, जॉर्जेट, शिफॉन सुईखाली सरकतं. त्यात घामही शोषला जात नाही. मुंबईच्या हवेत अशी गोधडी अंगाला चिकटते.

साडी उजेडासमोर धरा. जिथे जाळी झाली असेल तो भाग वेगळा काढा. दोन्ही हातांनी हलकेच ओढा. फाटली तर ती वर लावू नका, आतल्या थराला वापरा.

रंग जातो का तेही आधी बघा. साडीचा कोपरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. फडकं रंगलं तर ती साडी दोन-चार वेळा वेगळी धुवा. तरीही रंग सुटत असेल तर ती फिक्या कापडाशेजारी ठेवू नका. मीठ घालून पक्का होईल या भरवशावर राहू नका. रंगलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही.

घरात गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागावर, काम केलेले आजोबा असतील तर त्यांना कापड दाखवा. उभा धागा कोणता, आडवा कोणता, हे ते बोटाने चाचपून सांगतील. आपल्याला तो धागा धरूनच पट्ट्या काढायच्या आहेत. तिरकी कापलेली पट्टी ताणली जाते आणि गोधडीला फुगे येतात. सुती साडीला कात्रीने छोटी चीर द्या आणि सरळ फाडा. पट्टी आपोआप सरळ येते.

मापाचं गणित

पहिली गोधडी एका माणसाची करा. चार फूट रुंद, सहा फूट लांब. याहून मोठी केलीत तर चाळीच्या खोलीत पसरायला जागा नसते, आणि भिजली की उचलवत नाही.

साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट असते. पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास. तिचे साडेचार-साडेचार फुटांचे चार तुकडे करा. दोन-दोन तुकडे पन्ह्याला पन्हा लावून जोडा. एका साडीत दोन थर होतात.

म्हणजे दोन साड्यांत चार थर. एक थर पाठीला, दोन आत. मुंबईच्या थंडीला एवढे पुरे. चौथा थर कापून ठेवा. पुढे ठिगळ लावायला त्याच घरातलं कापड हाताशी राहील.

उरलेल्या दोन साड्या वरच्या बाजूला. एक फिकी, एक गडद. पाठीला साडी लावायची नसेल तर मांजरपाट घ्या. मंगलदास मार्केटला किंवा दादरला हिंदमाताच्या दुकानांत चौकशी करा. आणल्यावर आधी धुऊन घ्या, नाहीतर तो नंतर आटतो आणि सगळी गोधडी आक्रसते.

एक घर शिवायला शिका

वरची बाजू चौकोनांची करायची. प्रत्येक चौकोनाला आपण घर म्हणू. एक घर बारा इंचांचं. रुंदीत चार, लांबीत सहा, अशी चोवीस घरं लागतात.

मधला चौकोन पाच इंचांचा कापा. त्याच्या चारी बाजूंना तीन इंच रुंदीच्या पट्ट्या लावा. त्याभोवती पुन्हा तशाच पट्ट्या. दर शिवणीला अर्धा इंच कापड आत धरा. जुनं कापड आहे, पाव इंचात ते सुटतं. दुसरा फेरा झाला की घर तेरा इंचांचं भरेल. जोडताना अर्धा-अर्धा इंच जाऊन बरोबर बारा राहील.

दर फेऱ्यानंतर माप घ्या आणि इस्त्री फिरवा. इथे आळस केलात तर चोवीस घरं चोवीस मापांची होतात.

पहिली दोन घरं अगदी नियमाने शिवा. मग खेळायला लागा.

आता खेळा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला

सगळं काही एकदम बदललं की गोधडी नुसती गडबडलेली दिसते. रंग बदललात तर आकार तोच ठेवा. आकार बदललात तर रंग तेच ठेवा. काहीतरी एक धरून ठेवलं, की बाकीचं मोकळं सोडलेलं शोभतं.

पहिला खेळ फिक्या-गडदाचा. घराच्या वरच्या आणि उजव्या पट्ट्या फिक्या लावा, खालच्या आणि डाव्या गडद. चोवीसही घरं अशीच. मग ती जमिनीवर मांडा आणि नुसती फिरवत राहा. सगळ्यांचं तोंड एकीकडे ठेवलं तर तिरप्या ओळींत त्रिकोण दिसतात. चार-चार घरांचे गडद कोपरे मध्ये आणले तर सहा मोठ्या शंकरपाळ्या होतात. टाका एकही न बदलता गोधडी बदलते.

दुसरा खेळ मधल्या चौकोनाचा. त्याला मध्ये न ठेवता एका कोपऱ्यात सरकवा, आणि पट्ट्या दोनच बाजूंना लावा. फेरे चार घ्या म्हणजे माप तेवढंच राहतं.

तिसरा खेळ काठाचा. साडीचे सुती काठ फेकू नका. शेवटच्या फेऱ्यात पट्टी म्हणून लावा. सगळ्या घरांना नको. सहा घरांना पुरे. कुठल्या सहा, ते मुलांना ठरवू द्या.

चौथा खेळ जरा धाडसाचा. तयार घराचे उभे-आडवे कापून चार तुकडे करा. तुकडे फिरवा आणि पुन्हा जोडा. मात्र या घरांच्या शेवटच्या पट्ट्या आधीच अर्धा इंच जास्त रुंद घ्या, म्हणजे साडेतीन इंच. मधल्या जोडणीत एक इंच जातो. तो आधी धरला नाहीत तर घर लहान पडतं.

पट्टी वाकडी शिवली गेली तर उसवायची घाई करू नका. आणखी दोन घरांत तशीच वाकडी पट्टी मुद्दाम घ्या. मग ती तुमची नक्षी ठरते.

मांडलेली घरं शिवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि तो काळा-पांढरा करून बघा. फिकं-गडद कुठे एका जागी गोळा झालंय ते लगेच कळतं. खोलीत जागा नसेल तर गॅलरीत मांडा. पण शेजाऱ्यांना सांगून. आणि पाण्याची वेळ सोडून.

हे दुसरीकडेही करतात

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी करतात, तिला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि तुकडा लावत, टाका घालत फेऱ्याफेऱ्याने मध्यापर्यंत येतात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय त्यांची गोधडी पुरी होत नाही. तुम्हीही कोपऱ्याला असं एखादं फूल लावून बघा.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांचे पूर्वज मळ्यांवर गुलाम होते. या बायका शेतात झिजलेल्या पँट आणि शर्ट कापून गोधड्या शिवत. आपण वर केलं तसंच घर, मध्ये चौकोन आणि भोवती पट्ट्या, त्यांच्याकडेही आहे. त्याला त्या हाउसटॉप म्हणतात. पण प्रत्येकीचं वेगळं. कुणाची पट्टी रुंद, कुणाची तिरकी. २००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली.

हे सांगते ते अशासाठी, की "आमचं काय, साधं ठिगळाचं काम" असं म्हणू नका.

थर जोडताना

जमीन पुसून घ्या. पाठीचा थर उलटा पसरा. त्यावर आतले दोन थर, सर्वांत वर घरांची बाजू. पाठीचा थर चारी बाजूंनी दोन इंच मोठा ठेवा. तोच शेवटी वर दुमडून काठ होतो.

आधी मधून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घाला. हे चुकवू नका. कच्च्या टाक्याशिवाय थर सरकतात आणि मध्ये चुण्या पडतात.

मग धावदोरा. चौकटीमागून चौकट घ्या, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. दोरा जाड आणि सुती असू द्या, सुई मोठ्या नेढ्याची. दोऱ्यावरून मेणबत्ती फिरवली की गुंता कमी होतो. बोटात अंगुस्तान घाला. मधुमेह असेल तर नक्कीच घाला. बोट बधिर असलं की टोचलेलं कळत नाही, आणि जखम चिघळते.

सगळ्यांत महत्त्वाचं. सुया आणि टाचण्या मोजून काढा, मोजून परत ठेवा. आपल्या घरांत जिथे शिवायचं तिथेच रात्री पोरं झोपतात. एक कमी भरली तरी ती मिळेपर्यंत अंथरूण घालू नका.

रात्री दिव्याखाली डोळे फोडू नका. रोज दुपारी तासभर पुरे. दर अर्ध्या तासाने उठा, पाय मोकळे करा. घरातल्या पुरुषांनीही बसावं. शिंपीकाम पुरुष पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, धावदोऱ्याने काही बिघडत नाही.

वापरताना, धुताना

वर्षाच्या आतल्या बाळावर जाड गोधडी पांघरू नका. तोंडावर आली तर श्वास कोंडतो. ती जमिनीवर पसरून, तुम्ही जवळ असताना, बाळाला तिच्यावर खेळवा. त्या गोधडीला बटणं, मणी, आरसे लावू नका. मुलं ती तोंडात घालतात.

पावसाळ्यात गोधडी धुवायला काढू नका. वाळत नाही आणि कुबट वास धरते. गावाकडे नवरात्राआधी अंथरुणं-पांघरुणं धुतात. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन कामाला येतं. भिजलेली गोधडी पिळू नका, दाबून पाणी काढा. कठड्यावर टाकलीत तर दोन जागी बांधा. वरच्या मजल्यावरून ओली गोधडी खाली कुणावर पडली तर दुखापत होईल.

कुणाची शिवून देत असाल तर

तुमची पाहून शेजारीण म्हणेल, माझीही करून द्या. आनंदाने करा. पण फुकट करू नका, आणि अंदाजानेही पैसे सांगू नका. पहिल्या गोधडीला रोज किती वेळ लागला ते वहीत लिहून ठेवा. त्यावरून मजुरी ठरवा. थोडी रक्कम आधी घ्या. कोणकोणत्या साड्या घेतल्या, कुठली कापायची नाही, हे तिच्यासमोर लिहा. ओळखीत नंतर वाद होण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं.

या रविवारी

चोवीस घरांचा आकडा पाहून दचकू नका. या रविवारी फक्त दोन साड्या निवडा, एक फिकी आणि एक गडद. धुवा, रंग बघा. पुढच्या रविवारी चार घरं शिवा आणि जमिनीवर फिरवून बघा.

आवडलं तर पुढे जा. नाही आवडलं तर त्याच चार घरांना पाठ लावा. दोन फुटांचं छान बसकूर होतं, आणि देवासमोर बसायला कुणालातरी ते हवंच असतं.

बोहारीण पुढच्या आठवड्यातही येईल. तिच्यासाठी टेरिकॉटच्या साड्या ठेवा. पातेलं तेवढ्यावरही मिळतं.